डावी कडी

"बांगड्या, सूनबाई."

तात्या एवढंच म्हणायचे. मग मी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडं सारायची, वरून पदर गुंडाळायची आणि गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहायची. तात्या उजवीकडं. दोघांनी मिळून कापडी टप मागून उचलायचा, डोक्यावरून पुढं आणायचा, समोरच्या काचेच्या कडेवर टेकवायचा आणि दोन्हीकडच्या कड्या एकदमच लावायच्या. एक आधी लावली की दुसरीकडचा कोपरा वर उचलायचा. कड्या बसल्या की तात्या रंगावरून नजर फिरवायचे, बांगडीचा ओरखडा तर उठला नाही ना म्हणून. मग म्हणायचे, "जा आता, भाकरी करपंल."

जळोचीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. त्यांची ती विलायती गाडी तुमच्यापैकी कुणी इंदापूरच्या रस्त्यावर पाहिलीही असेल. लांब नाक, गडद हिरवा रंग, आत तांबूस चामड्याच्या बैठका आणि टप घडी घालून मागं ठेवायचा. वय झालं होतं गाडीचं, पण आवाज अजून तरण्या माणसासारखा होता. तात्या रोज ती फडक्यानं पुसत. सासूबाई ओट्यावरून बघत आणि म्हणत, "म्हातारा सोताच्या तोंडावरनं येवढा हात फिरवत न्हाय."

तात्या वालचंदनगरला नोकरीला होते. तिथले एक साहेब गाव सोडून गेले, तेव्हा ही गाडी बंगल्यामागं बाभळीखाली पडली होती आणि तिच्यात कोंबडी अंडी घालत होती. गाडी तात्यांनी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. त्यांची बायको, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, दारात येऊन बघून म्हणाल्या म्हणे, "कोंबडी पण आणायची की."

पुढं कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी तात्या त्या गाडीखाली असायचे. गाडी सुरू झाली तेव्हा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव मावशींचाच जडला. रविवारी दोघं टप मागं टाकून निघायची, ती उजनीचं पाणी दिसेपर्यंत. मावशी पदर कानाला घट्ट बांधून बसायच्या. धुळीला भिऊन तात्यांनी टप लावायचं काढलं की म्हणायच्या, "झाकायचीच हुती तर उघडी कशाला घेतली?" उजवी कडी तात्यांची, डावी मावशींची. हे मी आमच्या ओट्यावरून दर रविवारी बघत होते.

मावशी वारल्या. दिवसपाणी झालं. त्यानंतर एका सकाळी तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी हातात होती. माझ्याकडं न बघता सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईचा एक हात पायजे हुता. डावीकडं."

सासूबाईंनी मला नुसतं हातानंच जा म्हटलं.

तेव्हापासून डावी कडी माझ्याकडं आली. मला परक्या माणसाशी बोलताना जीभ जड होते आणि तात्यांनाही बोलायची फार हौस नव्हती, त्यामुळं आमचं चांगलं जमलं.

लग्नसराईत त्यांच्या दारात माणसं यायची. नवरदेवाला परण्या निघताना मारुतीच्या देवळापर्यंत उघड्या गाडीतून मिरवायचं असायचं. तात्या सगळ्यांना चहा पाजायचे आणि सगळ्यांना नाही म्हणायचे. "हळद, गुलाल, फटाके. आन् नाचणारं बॉनेटवर चढत्यात." कुणी फारच गळ घातली तर नवरदेवाला अंगणातच गाडीत बसवून फोटो काढू द्यायचे. हात मांडीवर ठेवायचे, ही अट. एक नवरदेव असा ताठ बसला होता की सासूबाई म्हणाल्या, "ह्याला कुणी पकडून आणलाय का?" दसऱ्याला गाडीची पूजाही तशीच. हळदकुंकू रंगाला लावायचं नाही. आपट्याच्या पानाला लावायचं आणि ते पान समोर ठेवायचं.

एका उन्हाळ्यात ते एकटेच इंदापूरकडून परत येत होते आणि वाटेत वळिवानं गाठलं. टप मागं होता. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी लावायचा प्रयत्न केला. उजवी बसवली की डावी सुटायची, डावीकडं जाऊन ती बसवावी तर उजवी. शेवटी अंगातला सदरा काढून बैठकीवर पसरला आणि उघड्या अंगानं गाडी चालवत घरी आले. बैठक कोरडी राहिली. तात्या तापानं फणफणले आणि दवाखान्यात राहून आले.

त्यांचा मुलगा पुण्याहून आला. मुलगा भला आहे, वडिलांवर जीव आहे. मी पेज घेऊन गेले होते तेव्हा तो खाटेजवळ बसून सांगत होता, "तात्या, एकट्याला टप लावता येत नसेल तर गाडी बाहेर काढायची नाही. नाहीतर मी ती पुण्याला घेऊन जातो."

तात्या छताकडं बघत होते. "आन् एकट्यानं लावून दावला तर?"

"तर मी परत एक शब्द बोलणार नाही."

"दसऱ्याला ये."

अंगात जरा शक्ती आली तशी त्यांनी तालीम सुरू केली. रोज सकाळी टप काढायचा, रोज लावायचा. मी सवयीनं बांगड्या सारून भिंतीपाशी गेले तर त्यांनी लांबूनच तळहात दाखवला. "न्हाय सूनबाई. अट एकट्याची हाय."

टपाचं कापड नुकतंच बदलून घेतलेलं, त्यामुळं ताठ. त्यांनी दोरी बांधून बघितली, ती निसटली. पट्टा लावून बघितला, तो कापडाला चिमटे काढायला लागला म्हणून फेकून दिला. बोटांची सालं निघाली. एका दुपारी बघते तर टप अर्ध्यावर आलेला आणि आत तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसलेले. गाडी बंद. बराच वेळ तसेच होते. मग खाली उतरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी गोधड्या शिवते. गोधडी ताणायला पलीकडच्या टोकाला कुणीतरी लागतं. दुपारी घरात कुणी नसतं, मग मी लांबच्या कोपऱ्यावर वरवंटा ठेवते आणि अलीकडून ओढते. त्या दुपारीही तसाच ठेवला होता. माझी नजर वरवंट्यावर गेली आणि तिथून भिंतीपलीकडं गेली.

कळलं ते लगेच. सांगायला मात्र मला दसरा तोंडावर यावा लागला. तात्या झाडांना पाणी घालत होते. मी भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "तात्या, डावीकडं वरवंटा ठिवा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गाडीवर दगड घालायला निघाले होते. "वरवंटा? गाडीवर?"

पुढं माझ्याच्यानं बोलवेना. घरात आले. पण मी गप्प बसले नाही. जुन्या गोधडीच्या मऊ तुकड्याची जाड पिशवी शिवली, वरवंटा आत घालून तोंड शिवून टाकलं, दोन्ही टोकांना नाड्या लावल्या आणि ती पिशवी भिंतीवर ठेवून दिली. संध्याकाळपर्यंत ती तिथंच होती. सकाळी नव्हती.

सासूबाई पाट्यासमोर बसून म्हणाल्या, "वरवंटा कुठं गेला गं?" मी सांगितलं. त्या उठल्या आणि मिक्सर काढला.

दसऱ्याला मुलगा आला. मी ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत होते, पण ओवण्याकडं लक्ष नव्हतं. तात्यांनी टप पुढं आणला, काचेच्या कडेवर टेकवला. मग डिकीतून पिशवी काढून डाव्या कोपऱ्यावर ठेवली आणि नाड्या आरशाला बांधल्या. कोपरा दबून बसला. सावकाश उजवीकडं गेले, कडी लावली. वळसा घालून डावीकडं आले, कडी लावली. पिशवी काढून घेतली आणि रंगावरून नजर फिरवली.

"हे काय?" मुलानं पिशवी हातात घेऊन विचारलं.

"वरवंटा."

"मग हे एकट्यानं झालं का?"

"गाडीपाशी दुसरं कुणी दिसतंय का तुला?"

मुलानं आमच्या ओट्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तो हसायला लागला आणि मग त्यानं गाडीसमोर आपट्याचं पान ठेवलं. शब्द दिला होता तसा तो पुढं कधी त्यावर बोलला नाही.

त्यानंतर तात्या आणखी काही वर्षं रविवारी जात राहिले, टप उघडा टाकून, उजनीच्या पाण्यापर्यंत. पिशवी डिकीत असायची. तरी अधूनमधून भिंतीपलीकडून हाक यायची, "बांगड्या, सूनबाई." वरवंटा असताना मला का बोलावतात, हे मी कधी विचारलं नाही. मी जात होते.

यंदा थंडीत तात्या गेले. सगळं आटोपल्यावर मुलगा गाडी न्यायला आला. पुण्यापर्यंत महामार्गाची धूळ, म्हणून टप लावून जायचं म्हणाला. त्यानं डिकी उघडली, पिशवी काढली आणि भिंतीपाशी आला.

"वहिनी, तुमचा वरवंटा. इतकी वर्षं तुमचा पाटा तसाच राहिला."

"राहू द्या," मी म्हटलं. "एकट्याला लागंल."

त्यानं मग ती परत डिकीत ठेवली आणि म्हणाला, "आज तरी तुम्ही आहात ना."

तो उजवीकडं गेला. मी डावीकडं. टप पुढं आणला, टेकवला, कड्या एकदमच बसल्या. त्यानं रंगावरून नजर फिरवली, अगदी तशीच.

गाडी कोपऱ्यावरून वळली. तिचा आवाज गेला तरी मी तिथंच उभी होते. ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "ये आता घरात. आन् बांगड्या खाली घे."