बदकबाईंची टाच

पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या बाईंना मुलं बदकबाई म्हणत, आणि बाईंना त्याचा राग येत नसे. चालच तशी होती, त्याला मुलं तरी काय करणार! मात्र पाण्यात उतरण्याआधी बाकावर बसून तळपाय वर करून दाखवायचे, हा त्यांचा नियम कुणालाही चुकत नसे. तळव्याला चामखीळ दिसली की पोरगं घरी, एकाची दहांना लागायला नको. रडा, पडा, आईला बोलावून आणा, बाई ढिम्म हलत नसत.

अशा बाईंच्याच टाचेला चामखीळ झाली, आणि ती त्यांनाच ओळखता आली नाही. दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहणाऱ्याला कुरूप होणारच, असं म्हणून त्यांनी ती वज्रीने घासघास घासली. सगळा जन्म दुसऱ्यांचे तळवे बघण्यात गेला, पण स्वतःचा बघायचा तर कंबर वाकायला हवी ना! एकीच्या चार झाल्या तेव्हा कुठे बाई लंगडत दवाखान्यात गेल्या.

"हे कुरूप नव्हे, चामखीळ आहे. महाचिवट जात. आणि घासून तुम्हीच पसरवलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज पाय कोमट पाण्यात भिजवा, मऊ झालेलं कातडं हळूच काढा आणि हे औषध फक्त चामखिळीवर लावा. काही महिने लागतील, धीर सोडू नका. तुमची वज्री दुसऱ्या कुणाला देऊ नका. घरात कुणाला मधुमेह आहे?"

"आईला," बाई म्हणाल्या. घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईची साखर जुनी, आणि आंघोळ झाली की तिच्या टाचा बाईच घासून देत. त्याच वज्रीने.

"त्यांना हे औषध चुकूनही लावू नका. साखरेने पायाची जाणीव जाते, जखम झाली तरी कळत नाही आणि लवकर भरतही नाही. काही दिसलं तर सरळ इकडे आणा."

घरी येताच बाईंनी वज्री कचऱ्यात टाकली आणि आईचा पाय मांडीवर घेऊन उजेडात धरला. काही नव्हतं. तरी जिवाला स्वस्थता नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच.

"माझ्या तळव्यात काय सोनं सापडलंय का गं?" आई विचारायची.

"बस गप्प," बाई म्हणायच्या. कारण काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझे पाय मीच बिघडवले असतील म्हणून? ज्या बाईपुढे अख्खा तलाव चळचळ कापायचा, तिला एवढं एक वाक्य आईपुढे बोलवेना.

मग मुलांच्या शर्यती आल्या. बाई पहाटे जायच्या, अंधार पडल्यावर यायच्या आणि आल्या आल्या आडव्या व्हायच्या. आईचे पाय बघायचे राहून गेले.

शर्यती संपल्या त्या संध्याकाळी आई खुर्चीत ऐटीत बसली होती. पाय स्टुलावर, टाचेला कापूस आणि वर चिकटपट्टी.

"मलाही तुझ्यासारखा ठिपका उठला होता," ती म्हणाली. "मग तुझंच औषध लावलं. तू भिजवतेस, लावतेस, सगळं बघून ठेवलंय मी. एकटीच बरी होणार होतीस होय?"

"कधीपासून लावतेयस?"

"तुझी धावपळ सुरू झाली तेव्हापासून. म्हटलं, तुला कशाला त्रास."

बाईंनी पट्टी सोडवली. ठिपका तर गेलाच होता, पण टाचेवरची पांढरी पडलेली कातडी कापसाबरोबर निघून आली. खाली लालभडक, ओलं मांस होतं.

"आई, दुखलं नाही तुला?"

"छे! तुला किती चरचरतं, ओठ चावत बसतेस. मला काही म्हणजे काही झालं नाही. मला तर फार छान लागू पडलंय."

बाईंना रडूच फुटलं. एका हातात आईचा पाय धरून दुसऱ्या हाताने त्या दवाखान्याचा नंबर लावू लागल्या, आणि आई आपली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "अगं वेडे, रडतेस कशाला? दुखत नाही म्हटलं ना!"