दोऱ्याच्या कंपनीचे शेअर

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाच कंपनीचे शेअर घेतले, आणि तेही तिचा दोरा दातात धरून पाहून.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. कपडे शिवायच्या दुकानात जो कापड बेततो, त्यालाही मास्तर म्हणतात. दुकानाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलाशी उभं राहून त्यांनी जन्म काढला. नवं रीळ आलं की कारागिरांच्या हाती देण्याआधी त्याचा दोरा ते दातात धरून ओढत. एका कंपनीचा दोरा कधी तुटला नाही. लग्नानंतर त्यांनी त्याच कंपनीचे शेअर थोडे थोडे घ्यायला सुरुवात केली. दरवर्षी डिव्हिडंड यायचा, आणि त्यातून मास्तर पुन्हा तेच शेअर घ्यायचे.

"झाड तोडायचं नसतं," ते बायकोला सांगत. "फळं खायची असतात."

"खाल्ली कधी? तुम्ही बिया काढता आणि परत पेरता!"

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायकोचे गुडघे गेले, तशी ती दोन्ही हातांनी कठडा धरून, कठड्याकडे तोंड करून, लहान मूल उतरतं तशी एकेक पायरी उतरू लागली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. लग्न झालेली मुलगी मुद्दाम येऊन म्हणाली, "बाबा, अर्धे शेअर विका. आईचे गुडघे करून घेऊ."

मास्तरांनी कपाटातून रीळ आणलं आणि हातभर दोरा तिच्यापुढे धरला. "तोड."

"हे काय आता, बाबा?"

"तोड म्हणतो ना!"

तिनं दोरा बोटांना गुंडाळून हिसका दिला. बोटांवर लाल वळ उठले. दोरा जसाच्या तसा.

"असला माल काढणारी कंपनी बुडते होय? दोन वर्षं थांबा. नुसत्या डिव्हिडंडात गुडघे होतील, मुद्दलाला हातही लावायला नको."

"थांबायला काय, गुडघे माझेच आहेत," बायको आतून म्हणाली. पण थांबली. नवऱ्याचं ऐकून थांबायची तिला सवयच होती.

पुढच्या वर्षी डिव्हिडंड आला नाही. भाव निम्म्यावर आला. मुलीचा फोन आला, तर मास्तर म्हणाले, "आता विकणं म्हणजे शुद्ध गाढवपणा." त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं आणि शेअरना कुणी रद्दीच्याही भावानं विचारेना.

मास्तरांनी दुकानाच्या मालकाला विचारलं, "इतका चांगला दोरा, मग असं झालं कसं?"

"अहो मास्तर, तो घेतो कोण आता? कपडा हंगामभर टिकला तरी गिऱ्हाईक खूश. दोरा जन्मभर टिकवून करायचंय काय? आपणही तो कधीच बंद केला की!"

खरं होतं. दुकानात स्वस्तातली रिळं येऊ लागली, तेव्हापासून मास्तर आपलं रीळ पदरच्या पैशानं आणत होते आणि मालकाच्या चिकटपणाला मनात शिव्या घालत होते. जे आपल्या टेबलावर घडलं, ते गावोगावच्या टेबलांवर घडत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

बायको आता खाली उतरत नाही. मास्तरांचीही चढउतार कमी व्हावी म्हणून खिडकीला टोपली बांधली आहे. तिची दोरी मास्तरांनी घरात उरलेल्या रिळांचा दोरा पिळून केली. भाजीवाली आली की टोपली खाली जाते. दोरी बारीक, हाताला काचते, म्हणून बायको पंज्याला फडकं गुंडाळून ओढते.

परवा टोपलीत बटाटे जास्त झाले. मास्तर मागून म्हणाले, "हळू गं. पण काळजी नको, हा दोरा..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुटणार नाही."

आणि ओढत राहिली.