राखणदाराला सांगायचं राहिलं

मी गाव सोडलं ते खनिजाच्या गाडीतून. त्या गाडीत माणसं बसायची नाहीत. डोंगरावरच्या खाणीतून लाल लोखंडी माती भरलेले छोटे डबे खाडीवरच्या जेटीपर्यंत उतरायचे आणि शेवटच्या डब्यात आमचे बाबा ब्रेकचं चाक धरून उभे असायचे. त्या दिवशी त्यांच्या पायाशी माझी ट्रंक होती, कारण मुंबईची एसटी जेटीवरून सुटायची. आई खाणीच्या फाटकापर्यंत आली, "पोचलंस काय पत्र घाल," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिला रडू येत होतं की ती धूळ टाळत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

उतारावरच्या वळणाला गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड होता. रूळ टाकताना तो म्हणे हलवायचा ठरला होता, पण मजुरांनी पहारी खाली टाकल्या आणि शेवटी कंपनीने रूळच बाजूने वळवून घेतले. तेव्हापासून रीत पडली. या वाटेने गाव सोडणाऱ्याने त्याला सांगून जायचं आणि परतल्यावर याच वाटेने येऊन, आलो म्हणून सांगायचं. तोवर तो त्या माणसाची वाट राखत बसतो. तिथे गाडी हळू झाली, बाबांनी एक विडी दगडापुढे टाकली आणि माझ्याकडे बोट करून ओरडले, "झील मुंबयक चल्लो हा रे महाराजा! तो येयसर वाट राख!" मला लाज वाटली. मी मुंबईत जाऊन मशीन चालवणार होतो, आणि हे काय दगडाशी बोलणं!

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर लागलो. लोखंडाने काही माझी पाठ सोडली नाही. पहिल्या गणपतीला घरी जायच्या आतच खाण बंद पडली. चांगलं खनिज संपलं असं कुणी म्हणे, भाव पडला असं कुणी. गाडी थांबली ती थांबलीच. त्याच सुमारास डांबरी रस्ता झाला, एसटी थेट देवळापर्यंत यायला लागली आणि मी दर गणपतीला त्याच रस्त्याने आलो आणि गेलो. रुळांकडे कोण फिरकतो? बरेचसे रूळ भंगारात गेले आणि खालचे लाकडी स्लीपर कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या उंबऱ्याला लागले. गावात राहिलेल्यांनो, ते कुणाकुणाच्या घरात आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, फक्त नावं घेत नाही.

आई गेल्यावर बाबांना चारकोपला आणलं. गाडी दारात उभी असताना मी थट्टेने विचारलं, "बाबा, राखणदाराक सांगलास?" ते म्हणाले, "माका खंय जावचा नाय. मगे सांगू कित्याक?" आणि गाडीत बसले.

इथे आमच्या सेक्टरातल्या घरी दुपारचे साडेचार झाले की ते गॅलरीत जायचे. ती भरलेल्या गाडीची वेळ. दोन्ही हातांनी कठडा धरून किंचित मागे झुकायचे, चाक आवळल्यासारखे. माझी बायको सुषमा म्हणायची, "बाबा, चहा झालाय, बसा ना." वळण पार होईपर्यंत ते बसायचे नाहीत. मग स्वतःशीच म्हणायचे, "गेली," आणि चहा घ्यायचे. सोसायटीतली माणसं हसायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

एकदा कठडा न सोडताच ते मला म्हणाले, "तू अजून इलंस नाय."

"बाबा, दरवर्षी जातो की गावाला."

"त्याका खंय म्हायती? तू त्या वाटेन इलंसच नाय. तो अजून बसलो हा. तोय म्हातारो झालो असतलो. किती बसवन ठेवशीत? जा, त्याका मोकळो कर."

जातो म्हणालो. मग ऑर्डरी होत्या, ओव्हरटाइम होता, मुलीची दहावी होती. दोन वर्षं मी जातो जातो म्हणत राहिलो. बाबा गेले तेव्हा ते मला शेवटचं काय बोलले आठवत नाही, पण शेवटचं काय मागितलं होतं ते आठवत होतं.

त्यानंतर साडेचारला गॅलरीत जाणं मला नको वाटू लागलं. कठडा कोमट लागायचा, कुणी नुकताच हात काढावा तसा. सुषमा म्हणायची, पश्चिमेचं ऊन आहे. असेल. पण पावसाळ्यातही लागायचा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अरे, एकदाचा जाऊन ये ना! भुतासारखा काय फिरतोस घरात!"

यंदा शिमगा झाल्यावर गेलो. जेटीवर उतरून एकटाच जुन्या मार्गाने चढायला लागलो. दोन्ही बाजूंना रान माजलंय, मध्ये मात्र तो लाल पट्टा तसाच आहे, धड गवतही उगवलेलं नाही. स्लीपर नव्हते, तरी माझी पावलं स्लीपरच्या अंतरानेच पडत होती आणि ती मला बदलता येईनात. एकदा मागून चाकं घासल्यासारखी वाटली म्हणून मी चक्क बाजूला झालो. कुणी पाहिलं नाही ते बरं.

दगड जागेवर होता. समोर विडी ठेवली आणि म्हटलं, "इलंय." आवाज थेट बाबांचा निघाला. मग मी तिथेच बसून खूप रडलो. बाबा असताना आलो असतो तर काय बिघडलं असतं?

रात्र चुलतभावाकडे काढली. दुसऱ्या दिवशी निघताना रीतीप्रमाणे "चल्लंय" म्हणायला दगडापर्यंत गेलोही, पण तोंड उघडेना. इतकी वर्षं ताटकळलेल्याला पुन्हा कोणत्या तोंडाने बसवू? मागे फिरलो आणि न सांगताच डांबरी रस्त्याने मुंबईची वाट धरली.

तेव्हा राखणदाराच्या लेखी मी आता गावातच आहे. बाबाही आहेत, कारण निघालो असं ते त्याला कधी म्हणालेच नाहीत. गाववाल्यांनो, साडेचारच्या सुमारास वळणावर दोन माणसं दिसली तर घाबरू नका, आम्हीच असू. आणि मुलुंड-घाटकोपरला विखुरलेल्यांनो, तुम्ही त्या वाटेने सांगून निघाला असाल तर एकदा जाऊन या.

मला घर कुठे विचारलं की मी अजून सेक्टरचा नंबरच सांगतो. साडेचारला सुषमा चहा घेऊन गॅलरीत येते. तिथे कठडा धरून कोण उभं असतं, हे तिने मला अजून विचारलेलं नाही.