पेरलेली पिसं

आमच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंना मुलं गोगलगाय बाई म्हणायची. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चालणं संथ, बोलणं संथ, आणि रस्त्यात खाली काही दिसलं की बाई वाकल्याच. त्यांच्याबरोबर घरी निघायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. माझा दुसरीचा वर्ग त्यांच्या शेजारचा, आणि मधली भिंत अशी पातळ की त्यांच्या वर्गात काय चाललंय ते मला माझ्या वर्गापेक्षा जास्त कळायचं.

दरवर्षी त्या मुलांना पाण्याच्या टाकीमागच्या बागेत न्यायच्या. त्याला त्यांनी 'शोधफेरी' असं नाव दिलं होतं. झाडावरचं तोडायचं नाही, जिवंत काही पकडायचं नाही आणि घरून काही आणायचं नाही. जमिनीवर पडलेलं काहीही शोधायचं, पांढऱ्या चादरीवर मांडायचं आणि त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची.

पहिल्याच वर्षी फजिती झाली. माळ्याने आदल्या दिवशी बाग झाडून लख्ख केली होती. चादरीवर बाटल्यांची झाकणं, गोळ्यांचे कागद आणि एक चपलेचा पट्टा एवढंच जमलं, आणि अर्धी मुलं रडकुंडीला आली. बाईंना ते फार लागलं. तेव्हापासून त्या वर्षभर वस्तू जमवू लागल्या. पिसं, गोगलगायींचे शंख, सुकलेल्या शेंगा, वाऱ्याने पडलेलं घरटं, सगळं एका बिस्किटांच्या डब्यात. शोधफेरीच्या दिवशी उजाडताच बागेत जाऊन, मुलांच्या नजरेच्या उंचीचा अंदाज घेत, एकेक वस्तू ठेवून यायच्या. "निघाली निसर्ग पेरायला," असं त्यांचे यजमान म्हणायचे.

हे शाळेत फक्त मला माहीत होतं. मी एकदा टोकलंही की बाई, ही शुद्ध बनवाबनवी आहे. त्यांनी मला फेरीला बरोबर नेलं. पीस सापडलेल्या पोराचा चेहरा पाहिल्यावर माझंही तोंड बंद झालं.

त्या वर्षी तिसरीत मध्येच एक नवी मुलगी आली. इस्त्रीवाल्याची मुलगी. तिच्या गणवेशाची घडी आम्हा शिक्षकांना लाजवील अशी, पण तोंडातून शब्द म्हणून फुटायचा नाही. काही विचारलं तर मान हलवायची, तीही होकाराची की नकाराची ते आपण ठरवायचं.

शोधफेरीला त्याही वर्षी मी बरोबर होते. बाकीची मुलं धावत धावत चादरीकडे येत होती. ही सावकाश आली. दोन्ही तळहातांवर तिने सापाची कात धरली होती. अख्खी, तोंडापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांवरचे गोल पापुद्रेसुद्धा शाबूत. पोरं भोवती गोळा झाली.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. डब्यात कात नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षी एकाने दुकानातून आणलेला शिंपला खपवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे त्या आधीच सावध होत्या.

"ही तू घरून आणलीस," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. नळामागच्या भिंतीत होती."

"तिथे असलं काही नाहीये. या बागेत काय आहे ते मला माहीत आहे."

बाईंनी दोन बोटांनी कात उचलली आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "शोधायचं म्हणजे खरंखुरं शोधायचं."

हे वाक्य, आणि तेही त्यांच्या तोंडून. मी दुसरीकडे पाहिलं. मुलगी रडली नाही. चादरीच्या कडेला उभी राहून रिकामे हात फ्रॉकला पुसत राहिली. त्या दिवसापासून वर्गाने तिचं नाव 'कातवाली' पाडलं.

पुढच्याच आठवड्यात माळी शाळेत आला. नळामागच्या भिंतीत साप राहतोय, विषारी नाही, तरी पोरांना तिकडे फिरकू देऊ नका, एवढंच सांगायला आला होता. जाता जाता म्हणाला, त्या दिवशी सकाळी भिंतीत त्याची कात पाहिली होती, घरी दाखवायला न्यायची म्हणून तिथेच राहू दिली, तर दुपारी गायब. तुमच्यातल्याच कुणी नेली असणार.

बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मला म्हणाल्या, "अगं, कात आहे म्हणजे साप आहे. एवढी पोरं तिथे खेळत होती. साप कुठे आहे, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मी त्या लेकराला खोटं पाडत बसले." त्यांना लाज वाटत होती आणि ती लपवण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं, मुलीला बाजूला घ्या, चार गोड शब्द बोला आणि विषय मिटवा. मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. बाईंनी तिला व्हरांड्यात नेऊन माफी मागितली. तिने मान हलवली. पण वर्गात कातवाली ती कातवालीच राहिली. पोरांना व्हरांड्यातली माफी थोडीच ऐकू आली होती?

मग एका सकाळी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. माझा वर्ग पाढे म्हणत होता, त्यांना मी डोळे वटारून गप्प केलं. बाई सांगत होत्या की कात खरी होती, माळ्यानेही पाहिली होती, हिने ती खरोखर शोधली होती आणि चूक माझी होती. मला हायसं वाटलं. तेवढ्यात, भिंतीतून आजवर कधीच न आलेला एक बारीक आवाज आला.

"बाई, ती तिथे नव्हती, हे तुम्हाला कसं माहीत होतं?"

'माझा अंदाज चुकला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तर अलीकडून मनातल्या मनात त्यांना तेच सुचवत होते. पण त्या मुलीला आणखी एक खोटं ऐकवणं बाईंच्याने होईना.

"कारण तिथल्या वस्तू मीच ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. आणि मग डब्यापासून सगळं सांगितलं.

मी खडू मागण्याच्या निमित्ताने त्यांच्या दाराशी गेले. पहिल्या बाकावरचा गुबगुबीत मुलगा उठला. त्याला निळं पीस सापडलं होतं आणि ते तो कंपासपेटीत घेऊन फिरायचा. मला दोनदा दाखवून झालं होतं. त्याने ते बाईंच्या टेबलावर ठेवलं. "हे तुमचं आहे, बाई," म्हणाला. उसना घेतलेला खोडरबर परत करावा, तसं. राग नाही, काही नाही. मग आणखी एक उठली, मग आणखी एक. ठेवा रे तुमच्याकडेच, असं बाई म्हणत राहिल्या, पण कुणी ऐकेना. ज्यांच्या वस्तू घरी होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिल्या. घरटंसुद्धा आलं.

त्या सकाळी टेबल भरल्यावर बाईंनी इस्त्रीवाल्याच्या मुलीकडे पाहिलं. "तुझी कात..." एवढंच त्यांना बोलता आलं.

"ती टाकली ना," मुलगी म्हणाली.

पुढे दोन पालक भांडायला आले, मुख्याध्यापिकांनीही कानउघाडणी केली. बाईंनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं. खरी शिक्षा त्यांना आधीच मिळून चुकली होती.

पुढच्या वर्षी त्यांनी शोधफेरी पुन्हा काढली. डबा घरीच. आता चौथीत गेलेली मुलंही बरोबर घेतली, आणि ती का, हे मला विचारावं लागलं नाही. चादरीवर पुन्हा झाकणं आणि कागद जमले. पण जो कुणी काही आणेल, त्याच्यामागोमाग बाई गुडघे सांभाळत ती जागा पाहायला जायच्या.

ती मुलगी एका बाकाच्या पायाशी कितीतरी वेळ उकिडवी बसली होती. मग उठली आणि रिकाम्या हातांनी रांगेत येऊन उभी राहिली.

"काय दिसलं गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई."

मुलं फाटकाबाहेर गेल्यावर बाई त्या बाकाकडे गेल्या. मीही गेले. बाकाच्या पायाशी ओल्या मातीत एक गोगलगाय खळगा करून अंडी घालत होती. पांढरी, मण्याएवढी अंडी, एकामागून एक. इतकी वर्षं खाली बघत चालूनही बाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या तिथेच मातीत बसल्या. "तिने हे पाहिलं," त्या म्हणाल्या, "आणि मला दाखवलं नाही."