बुटांवर सांडलेलं पाणी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यजमानांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली आणि वर्षभरातच मला ल्युपस नावाचा सांधे धरणारा आजार निघाला. बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक मराठी बाई मला बघून म्हणायची, "कलकत्त्याचं पाणी मानवलं हो तुला!" मानवलं, डोंबल! गालांवरची लाली आजाराची होती आणि चेहरा सुजला होता तो स्टेरॉइडच्या गोळ्यांनी. माझ्या सुजेला तब्येत म्हणणाऱ्या त्या बायकांना कुंकू लावतानाही माझी बोटं ठणकायची.

डॉक्टर परदेशात शिकून आलेले. तिकडच्या पेशंटना विचारतात तेच प्रश्न ते मला इंग्रजीत विचारायचे. कोटाची बटणं लावता येतात का? मोटारीत चढता येतं का? सुरीने मांस कापता येतं का? आम्ही शाकाहारी, ट्रामने फिरणारे, आणि कलकत्त्याच्या उकाड्यात कोट कुठला! जमिनीवर बसून उठता येतं का, साडी पिळता येते का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझी उत्तरं काही त्यांच्या पसंतीला उतरेनात. शेवटी कंटाळून त्यांनी हिंदीत माझ्यासोबत आलेल्या सासूबाईंनाच विचारलं, "घर का काम करती है?"

"सब करती है," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. सुनेला काम होत नाही हे परक्या माणसासमोर सांगायचं म्हणजे त्यांना कमीपणा. खरं तर माझेसुद्धा कपडे त्याच पिळत होत्या. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, मग गोळ्या निम्म्या करू.

निम्म्या! आधी एकदा अशाच कमी केल्या तेव्हा मी अंथरुणाला खिळले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवरचा त्यांचा टॉवेल नळाखाली भिजवला आणि त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहून पिळायला लागले. बोटं वळेनात. पाणी माझ्या साडीवर, त्यांच्या बुटांवर. "हे विचारा," मी चक्क मराठीत ओरडले, "मला हे विचारा!"

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं खोडलं आणि गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या. सासूबाई उठल्या. माझ्या हातातून टॉवेल घेतला, एका पिळात कोरडा केला आणि नीट दांडीवर टाकला. मग पदराला हात पुसत डॉक्टरांना म्हणाल्या, "वैसे सब करती है हमारी बहू."