आमच्या पोरांची जागा

इंग्लंडचा फुटबॉल संघ २००८च्या युरो कपसाठी पात्रच ठरला नाही, तेव्हा मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो. दुसऱ्या दिवशी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, आमच्या लॅबमधला इंग्रज सहकारी ताट समोर ठेवून नुसता धुमसत होता.

“सगळ्या क्लबांत बाहेरचे खेळाडू भरलेत. आमच्या पोरांना जागाच उरली नाही,” तो म्हणाला.

टेबलावरचे दोघे जर्मन “गेनाऊ, गेनाऊ” करत माना डोलवू लागले. माझं डोकंच फिरलं.

“जागा उरली नाही, की नीट शिकवलंच नाही?” मी विचारलं. “इथला संघही काही वर्षांपूर्वी असाच तोंडावर आपटला होता. यांनी परदेशी खेळाडू हाकलले नाहीत, गावोगावी मुलांसाठी प्रशिक्षक नेमले. तुमच्या क्लबांना तयार खेळाडू विकत घेणं सोपं वाटतं, त्यात त्या खेळाडूंचा काय दोष?”

“अरे, तू कशाला चिडतोस? मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये.”

“मग बोल ना! या लॅबमध्ये मीही बाहेरचा आणि तूही. आपण कुणाच्या पोरांची जागा खाल्ली?”

“ते वेगळं,” तो म्हणाला.

जर्मन मंडळी घाईघाईने हवामानावर बोलू लागली. मी अर्धं जेवण टाकून उठलो. पुढे आम्ही दोघांनी मिळून पेपरही लिहिला, पण फुटबॉलचा विषय पुन्हा काढला नाही. त्याचं ते ‘वेगळं’ आठवलं, की आजही संताप होतो.