कोपऱ्यापर्यंत लोणी

आदिलाबादच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, अगदी पुढच्या टेबलावर, रस्त्याकडे तोंड करून एकटी नाश्ता करणारी बाई आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिली, ती आमची सिस्टर आत्या. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. बायका हॉटेलात गेल्याच तर नवऱ्याच्या मागोमाग, पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये. वेटर आत्याला म्हणाला, "अम्मा, फॅमिली रूम उधर है." आत्या म्हणाली, "अकेली हूँ बाबा, यहींच बैठूंगी. एक ऑम्लेट लाओ, और तवा पहले गरम होने दो." ऑम्लेट आलं. तिनं दोन घास खाल्ले, बशी बाजूला सारली आणि चहा पिऊन घरी आली. "कडा करपल्या, मधात कच्चं," एवढाच शेरा.

संध्याकाळपर्यंत ही बातमी तहसील कचेरीत पोचली. माझे वडील तिथे पेशकार, म्हणजे कारकून, होते. त्यांनी घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "रुखसतीवर, सुट्टीले आली हायस तं घरी बस न आरामात. हाटेलात काऊन जाऊन बसतं?" आत्या म्हणाली, "दादा, घरी कोनी मले काई करू देते का?" आम्ही मुलं हसलो. वडीलही हसले. त्या वाक्यात काही तक्रार आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घर मूळचं वांकिडीकडचं, कापूस-ज्वारीचं. वडील शिकून नोकरीला लागले, आत्या हैदराबादला नर्सिंग करून पुढे कुवेतच्या एका दवाखान्यात गेली. लग्न जमलं नाही की तिनं जमू दिलं नाही, यावर आमच्याकडे दोन मतं होती आणि दोन्ही तिच्यासमोर मांडायची कोणाची छाती नव्हती. शेजारच्या तेलुगू बायका तिला सिस्टरम्मा म्हणायच्या, आम्ही सिस्टर आत्या. गोरी नव्हती, देखणी नव्हती, पण चालताना पाठ अशी ताठ की साडीतही युनिफॉर्म घातल्यासारखी वाटे.

कुवेतला शुक्रवारी तिला सुट्टी असे. बाकीच्या नर्सा झोपा काढायच्या, ही एका केरळच्या मैत्रिणीला उठवून नाश्ता शोधायला निघायची. देवळं शोधत फिरणारी माणसं असतात, तशी ही चांगलं भाजलेला टोस्ट शोधत फिरे. दुपारी पंख्याखाली चटईवर पडून ती आम्हांला त्याच्या हकिकती सांगायची. एका मोठ्या हॉटेलात काचेचं झुंबर होतं, पण पॅनकेक गोधडीसारखे. एका ठिकाणी अंड्यांचा भुर्जीसारखा चुरा करून वर दूध ओतून दिलं होतं. मग समुद्राकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या लेबनानी माणसाचं चार टेबलांचं दुकान सापडलं आणि तिचा शोध थांबला. तिच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. अंड्याचा पिवळा बलक "हालला पायजे, पन फुटला नाई पायजे." पॅनकेकच्या पहिल्या घासाला वाफ निघाली पाहिजे. आणि टोस्ट गरम असतानाच लोणी लावलं पाहिजे, तेही पार कोपऱ्यापर्यंत. "कोपरे कोरडे ठेवते तो मानूस मनानं कंजूष असते, त्याच्या हातचं काई खाऊ नये," असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की मी पुढे कित्येक दिवस आमच्या पाहुण्यांच्या पोळीवरचं तूप निरखत बसे.

पण हा नुसता जिभेचा चोचला नव्हता. कारण तिनं एकदाच सांगितलं, तेही आईला, आणि मी तिथे वाटाणे सोलत होते म्हणून ऐकलं. पहिल्या महिन्यात ती होस्टेलवर थंड पाव खाऊन दिवस काढायची. एका शुक्रवारी धीर करून हॉटेलात शिरली. तिथल्या माणसानं तिची बशी आणून ठेवली आणि ती फोनकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकांना वाट देत बराच वेळ उभी राहिली, तेवढ्यात त्यानं ती बशी परत नेऊन दुसरी गरम आणून दिली. थंड झालं म्हणून. "वहिनी, माह्यासाठी कोनी दुसऱ्यांदा रांधलं, असं जनमात पयल्यांदा झालं. तवाच ठरवलं. हे सगळं शिकीन अन् एक दिवस सकाळी तुमाले बसवून गरम गरम वाढीन. तुमी उठायचं नाई. एकाच दिवसाचा सवाल हाय."

आई हसली आणि म्हणाली, "हाव न ताई, करा न कवाबी." आणि वाटाण्यांचं पातेलं उचलून आत गेली.

आमच्या घरात आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आधी वडील, मग आम्ही, मग आलागेला. तिच्या वाट्याला टोपल्यातली गार भाकरी आणि तळाची भाजी. हे आम्हांला इतकं रोजचं होतं की दिसतच नव्हतं. आत्याला दिसलं. लेबनानी म्हाताऱ्याच्या दुकानात ती शुक्रवारी स्वयंपाकाच्या कट्ट्याशी उभी राहून आच किती, लोणी कधी, पीठ किती वेळ ठेवायचं, हे सगळं बघून घ्यायची, ते आईला एकदा गरम खायला घालायचं म्हणून.

अडचण आली ती आईच्या प्रेमाची. आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीला कामाला हात लावू देत नाहीत. तिनं बसायचं, खायचं, डोक्याला तेल लावून घ्यायचं. आत्याला सासर नव्हतं, तर आईनं कुवेतलाच तिचं सासर ठरवून टाकलं होतं. आत्या पहाटे उठून चुलीपाशी गेली की आई तिच्याही आधी तिथे असायची. "ताई, तुमी तिकडं वर्सभर राबता. हितं येऊनबी चुलीपाशी उभ्या राह्यल्या तं लोक मले काय म्हनतीन?" आत्या म्हणायची, "लोक नाई येत वो वहिनी एवढ्या सकाळी." लोक यायचे मात्र. फॉरेनहून आलेली सिस्टर बघायला सकाळी सातपासून माणसं ओसरीवर बसलेली असत, आणि आई पोह्यांची परात घेऊन धावत असे.

एका सुट्टीत आत्यानं खास तवा आणला, जड, काळा, लांब दांड्याचा. सोबत पॅनकेकवर घालायच्या पाकाची बाटली. आईनं दोन्ही वस्तू डोळ्यांना लावल्या आणि लोखंडी कपाटात ठेवून दिल्या. फॉरेनची वस्तू वापरून खराब करायची नसते, हा आमच्या गावाचा अलिखित कायदा. आमच्या गल्लीत कोणाकडे दुबईची ब्लँकेटं होती, ती प्लॅस्टिकमधून कधी निघाली नाहीत. पुढच्या सुट्टीत आत्यानं कपाट उघडलं तर तव्याला कागद तसाच, आणि पाकाच्या बाटलीच्या तळाशी साखर धरलेली. आत्या बाटली उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिली.

कधी दिवस ठरलाच, तर तो सोमवार निघे. नाही तर गुरुवार, नाही तर संकष्टी. आईच्या उपासांच्या मधून अंड्याला वाट काढणं कुवेतचा व्हिसा काढण्याहून कठीण होतं. आत्या म्हणायची, "वहिनी, तुमचे देव मले घाबरतेत." आई कानाला हात लावायची आणि दोघी हसत सुटायच्या. त्यांचा एकमेकींवर फार जीव होता. म्हणूनच तर हे घडत गेलं. भांडण असतं तर एखाद दिवशी निकाल तरी लागला असता.

नव्वदमध्ये कुवेतात लढाई झाली. आत्या कित्येक दिवस वाळवंटातून, छावण्यांतून फिरत, एका हातबॅगेसह घरी पोचली. तेव्हा ती पहिल्यांदाच पाहुणी नव्हती, राहायला आली होती. ती दोन वर्षं आमच्याकडे होती. तेव्हा तरी आईनं तिला स्वयंपाकघर द्यायला हवं होतं. पण आईचा जीव आणखीच तुटत होता. "हाल सोसून आल्या बिचाऱ्या," म्हणून ती आत्याला उठून पाणीसुद्धा घेऊ देईना. आणि आत्याही बदलली होती. नाश्त्याच्या हकिकती बंद झाल्या. मी विचारलं तर म्हणाली, "ते दुकान राह्यलं असन का नाई, कोनाले ठाव." ती खिडकीपाशी बसून असे, आणि आई तिच्या हातात आयतं ताट देई. आज वाटतं, तिला ताट नको होतं, काम हवं होतं.

मग मस्कतच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. निघण्याच्या आदल्या दिवशी आत्यात जुनी आत्या दिसली. बेकरीतून पाव आणले, कपाटातून तवा काढला, कागद फाडून फेकला, तवा धुतला. "वहिनी, उद्या तुमी बसायचं. शपथ हाय माही." आईनं कॅलेंडर बघितलं. मंगळवार होता, उपास नव्हता. "बसतो," आई म्हणाली.

सकाळी तवा तापला होता. आई खरोखरच पाटावर बसली होती, हात मांडीत घेऊन, कुठे ठेवावेत ते न कळून. तेवढ्यात दारात हाका आल्या. वांकिडीची सगळी भावकी पहिल्या बसनं सिस्टरला निरोप द्यायला आली होती, बायामुलांसकट, नारळ, खण, शेवयांच्या पुरचुंड्या घेऊन. आई उठली. उठावं की नाही असा विचारही तिच्या मनात आला नसावा, पाय आपोआप उठले. तिनं आत्याच्या हातून उलथणं घेतलं, तवा उतरवला, कढई चढवली. "ताई, तुमी भायेर बसा, ओटी भरायची हाय." आत्यानं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "पुढच्या येळी, वहिनी. नक्की." आणि बाहेर जाऊन पाटावर बसली. तिच्या ओटीत बायकांनी तांदूळ घातले, सगळ्यांनी पोहे खाल्ले, आणि दुपारच्या बसनं ती गेली.

पुढची वेळ आली नाही. तिसऱ्या वर्षी मस्कतमध्येच ड्यूटीवर असताना तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. ती गेली, आणि तिथेच तिचं सगळं झालं. बातमी कळली तेव्हा वडील ओसरीवर लहान मुलासारखे रडले. आई रडणाऱ्यांना चहा करत राहिली. तेराव्यानंतर मात्र ती रोज सकाळी स्वयंपाकघरात काही न करता थोडा वेळ बसू लागली. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "काई नाई."

आत्याच्याच वाटेनं मी लॅब टेक्निशियन झाले आणि लग्नानंतर मस्कतला नोकरीला लागले. अठ्ठ्याण्णवमध्ये माझ्या बाळंतपणाला आई आली. विमानात तिनं काही खाल्लं नव्हतं. मस्कतमध्ये तोवर मी आत्याच्या परीक्षा लावत बरीच हॉटेलं नापास केली होती, कोरड्या कोपऱ्यांची, रबरी अंड्यांची. एक पास झालं होतं. दिवस भरत आलेले असताना एका सकाळी मी आईला तिथे घेऊन गेले.

दोन बशा आल्या. अंड्याचा बलक हलत होता. पॅनकेकमधून वाफ निघत होती. टोस्टवर लोणी पार कडेपर्यंत वितळलेलं. आईनं सवयीनं बशी माझ्याकडे सरकवली. मी परत सरकवली. "तुझी आहे. माझी ही आहे. दोघींनी एकदमच खायचं."

आईनं एक घास घेतला, दुसरा घेतला. मग तिनं काटा खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी जल्मभर त्याइले पाव्हनी मानून राह्यली. अन् त्या मले एक दिस पाव्हनी करू पाहून राह्यल्या होत्या. एवढंच मागत होत्या वो. एवढंच."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग तिनं माझ्या बशीकडे पाहिलं आणि नाक ओढत म्हणाली, "खाय. थंडं होऊन राह्यलं."